थांबराव आणि सरदारणीचा बंगला

तुम्ही माझ्या बापाला बरं केलंत. हा माझा तुमच्यावर आरोप आहे.

तुम्हाला साहेब म्हणू की मॅडम, तेही मला ठाऊक नाही. तुमच्या पत्रांखाली नाव नसतं, नुसतं 'आदेशावरून' असतं. आदेश देणारे ते तुम्हीच, असं धरून चालते. तुमच्या हाताखालच्या लोकांवर माझं ओरडून झालंय. ते म्हणतात, आमच्या हातात काही नाही. खरंच आहे ते. एक टॅब सोडला तर त्यांच्या हातात काही नसतं.

माझे बाबा गोदामाचे पहारेकरी होते. जन्मभर फाटकावर बसले आणि जन्मभर एकच शब्द विकून घर चालवलं. थांब. ट्रक आला, थांब. कुत्रं आलं, थांब. एकदा खुद्द मालक नवी गाडी घेऊन आला, बाबांनी गाडी ओळखली नाही, त्यालाही थांब. डिकी उघडून बघितल्यावरच आत सोडलं. तेव्हापासून सगळे ड्रायव्हर त्यांना थांबराव म्हणायला लागले. बाबांना त्याचा राग नव्हता. उलट ऐट होती.

मग त्यांना झटका आला. अर्धं अंग गेलं. उजवा हात मूठ वळून छातीशी चिकटला आणि वाचा गेली. माझं नाव गेलं, आईला मारायची हाक गेली, शिव्यासुद्धा गेल्या, आणि शिव्यांचा साठा काही लहान नव्हता. एकच शब्द मागे राहिला. भूक लागली की थांब, पाणी हवं की थांब, पाठ खाजली की थांब. आई म्हणते, "लग्न झाल्यापासून मी ह्यांना सांगत होते, जरा कमी बोला. इतकं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं."

तुमच्या पुनर्वसन केंद्रातून तेव्हा एक बाई यायच्या. आम्ही त्यांना हाताच्या बाई म्हणायचो. पायाच्या बाई वेगळ्या होत्या, त्या तुम्ही आधीच बंद केल्या होत्या. हाताच्या बाई दर सोमवारी यायच्या, बाबांसमोर स्टुलावर बसायच्या आणि ती मूठ स्वतःच्या मांडीवर घेऊन एकेक बोट उघडायच्या. घाई नाही, जोर नाही. वर बोलणं चालूच. "काका, ही करंगळी. ही लाजते. हिला शेवटी उठवू." बोटं उलगडली की हातात रिकामा कप द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे काय आहे? क... म्हणा, क..."

असं करता करता बाबांचा अंगठा मुठीतून सुटला. आणि एका सोमवारी तोंडातून 'क' निघाला. पुढचं निघालं नाही, पण क निघाला. आईने शेजारीपाजारी जाऊन सांगितलं, नातवाचं बोबडं बोलणं सांगावं तसं. बाई म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर काका स्वतःच्या हाताने कप धरतील. आमच्या घराचा सगळा जीव त्या कपाच्या कानात अडकला होता. हे लक्षात ठेवा. पुढे विसराल.

मग तुमचा खोका आला.

खोक्यात टॅब. टॅबवर तुमच्या केंद्राचं चिन्ह आणि खाली 'पुनर्वसन आपल्या दारी'. दाराशी बाई यायच्या तेव्हा ती पाटी नव्हती. टॅबमध्ये एक खेळ होता. सरदारणीच्या बंगल्याचं गूढ. असले खेळ कुणालाही फुकट मिळतात, शाळा बुडवणारी पोरं रिकाम्या वेळात खेळतात. तुम्ही त्यावर चिन्ह चिकटवलंत आणि त्याचा उपचार झाला. खेळ असा, की टेकडीवर एक बंगला आहे, त्यातली सरदारीण नाहीशी झाली आहे आणि आपण खोल्याखोल्यांतून फिरून अडगळीत लपलेल्या वस्तू शोधायच्या. ब्रश, घड्याळ, हातमोजा, मोराचं पीस. दिसली वस्तू की बोट लावायचं, ती आपल्या पिशवीत येते. पिशवी भरली की पुढची खोली उघडते आणि गुण मिळतात. गुण थेट तुमच्याकडे जातात.

सोबत सूचना होती. खेळ खेळला गेला नाही तर रुग्णाला गरज नाही असे समजून नाव कमी करण्यात येईल. गुण वाढले नाहीत तर उपचाराचा उपयोग नाही असे समजून भेटी बंद होतील. गुण वाढले तर काय, ते लिहिलं नव्हतं. आम्ही भोळी माणसं. आम्हाला वाटलं, मग बाई जास्त वेळा येतील.

मी टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला. बंगल्याचा दिवाणखाना उघडला. दारं सताड उघडी, कपाटं उघडी, खण बाहेर ओढलेले, माणूस एक नाही. बाबा ताठ झाले.

"थांब!"

"बाबा, खेळ आहे तो. हे बघा, ब्रश शोधायचा. तो काय, पियानोखाली. लावा बोट."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना गोदामाची भिंत चढायला सांगितली. मीच बोट लावलं. ब्रश टुणकन उडून पिशवीत गेला. बाबांनी डाव्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारली. सणसणीत.

आई आतून म्हणाली, "मारलं ना? बरं झालं. ज्या कामासाठी ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या मानगुटी धरल्या, तेच काम तू त्यांना शिकवतेस. मालक घरात नसताना वस्तू उचला आणि पिशवीत भरा!"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी टॅब जवळ ओढला आणि त्या रिकाम्या दिवाणखान्यावर नजर रोखून बसले. एका वस्तूला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. सकाळपासून जेवणापर्यंत पहारा. जेवण झालं की परत पहारा. सरदारणीला असा माणूस आधी मिळाला असता तर ती नाहीशी झालीच नसती.

अधूनमधून जाहिरात यायची. फुकटच्या खेळाची किंमत तीच. एक तरुण महागडे बूट घालून डोंगर पळत चढायचा. बाबा त्याला म्हणायचे, थांब. तो काही थांबायचा नाही. त्याला घालवायची फुली कोपऱ्यात, मुंगीच्या डोळ्याएवढी. धडधाकट माणसाचं बोट चुकावं. चुकलं की बुटांचं दुकान उघडायचं. अर्धं अंग गेलेल्या माणसाला तुम्ही हे दाखवलंत आणि त्याला हाताचा व्यायाम म्हणालात. खेळ मध्येच सांगायचा, 'तुमची शक्ती संपली आहे. थोड्या वेळाने या.' बाबांची नव्हती संपली. ते जागचे हलले नाहीत.

गुण अर्थातच भोपळा. आठवड्यात तुमची ताकीद आली, 'प्रगती असमाधानकारक'. आणखी एक ताकीद आली की बाई बंद.

आईने भाजी गॅसवरून उतरवली, हात पुसले, बाबा झोपलेले बघून टॅब उचलला आणि मला म्हणाली, "काय काय शोधायचंय म्हणालीस?"

मी सांगायला लागले. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. ब्रश, घड्याळ, चावी, हातमोजा, टक टक टक. मी बघत राहिले.

"अगं आई!"

"अगं आई काय? ह्यांचा चष्मा कोण शोधायचं? मोजे कोण शोधायचं? ड्यूटीला निघायची वेळ झाली की शिट्टी सापडत नसे, गळ्यात असायची. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? पुरुषाने वस्तू कुठे ठेवली असेल हे ज्या बाईला कळतं, तिला हा बंगला म्हणजे काय!"

दुपारी बाबा झोपले की आई खेळायची. बंगल्याशी तिची भांडणंही सुरू झाली. "ही छत्री बघ. झुंबरात टांगलीय. कुणी टांगतं का छत्री झुंबरात? आणि हा चमचा घड्याळात. घरात नोकर होते म्हणे. काय करत होते, माशा मारत होते?" दुसऱ्या दिवशी तिचं मत बदललं. "मला विचारशील तर बाईला कुणी पळवलं नाही. आवरून आवरून कंटाळली आणि स्वतःच गेली निघून. मी गेले असते."

एक बाबांचं मन सोडलं तर गुण सगळीकडे चढत होते. जाग आली आणि आईच्या हातात टॅब दिसला की ते ओरडायचे, थांब. आई म्हणायची, "अहो, तुमच्यासाठीच चोऱ्या करतेय. गप पडा."

आता तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली. झाली. बेशक झाली. पण खेळलं नाही तर माणसाला गरज नाही आणि वाईट खेळलं तर माणसाचा उपयोग नाही, असं दोन्ही बाजूंनी दार लावून घेतल्यावर घरातली माणसं खिडकीतूनच शिरणार. खिडकी कुणी ठेवली होती?

सोमवारी बाई आल्या. गुण बघून थबकल्या. एकदा आईकडे बघितलं, एकदा बाबांच्या मुठीकडे.

"मावशी, खेळतं कोण?"

"हेच की."

"बरं," बाई म्हणाल्या. "अजून काही सांगू नका मला. सांगितलंत तर वर कळवावं लागेल." आणि स्टुलावर बसून त्यांनी मूठ मांडीवर घेतली.

तो त्यांचा शेवटचा सोमवार.

कारण त्याच आठवड्यात आईने बंगल्याच्या माळ्यावरच्या सगळ्या वस्तू एका दमात शोधल्या आणि खेळाने तिला 'महागुप्तहेर' केलं. पडद्यावर फटाके फुटले. फटाके संपायच्या आत तुमचा निरोप आला. 'अभिनंदन! रुग्ण पूर्ण बरा झाला आहे. यापुढे गृहभेटींची आवश्यकता नाही.' सरदारीण मात्र सापडली नाही. शेवटची खोली उघडायला पैसे पडतात. फुकट होतं ते तिच्या दारापर्यंतच. आई म्हणाली, "राहू दे बिचारी आत. सुखात असेल."

मग तिने निरोप परत वाचायला लावला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की तिने काय जिंकलं.

पुढच्या सोमवारी बाबा सकाळपासून दाराकडे तोंड करून बसले. उजवी मूठ डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवली होती, बाईंना सोपं जावं म्हणून. स्टूल समोर ओढून ठेवलं होतं. दुपार झाली. आईने स्टूल उचलायला हात घातला.

"थांब," बाबा म्हणाले.

तिने उचललं नाही. ते अजून तिथेच आहे. येता जाता आम्ही त्याला ठेचकाळतो.

मी कामावर रजा टाकली आणि आम्ही तिघं तुमच्या केंद्रात आलो, बाबा चाकाच्या खुर्चीत. तिसऱ्या मजल्यावर तुमचा प्रगती अधिकारी बसतो. माझ्यापेक्षा वयाने लहान, हसरा, इस्त्रीचा. बाबांना बघून उठून उभा राहिला.

"काका, अभिनंदन! आमच्या पहिल्या दहांत आहात तुम्ही!"

"ते चालू शकत नाहीत," मी म्हटलं.

"चालण्याचा विभाग वेगळा, ताई."

"बोलूही शकत नाहीत."

"थांब," बाबा म्हणाले.

"बोलले की!"

"हात उघडत नाही त्यांचा."

त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. "हा आलेख बघा ना तुम्ही. कसा जिन्यासारखा चढलाय."

"मग आलेखालाच कप धरायला सांगा."

आईला हे ताणणं सोसलं नाही. ती पुढे झाली. "अरे बाळा, ऐक माझं. ते मी खेळत होते."

तो एकदम हळू बोलायला लागला. "मावशी, हे इथे बोलू नका. असं असेल तर ती फसवणूक होते."

"मग लिही की. म्हातारीने फसवलं. आणि म्हाताऱ्याला बाई दे परत."

"तसं नाही होत. फसवणूक झाली तर काकांचं नाव कायमचं जातं. बरे झाले तर सन्मानाने जातं."

"जातंच?"

"जातं."

"आणि परत यायचं असेल तर?"

"नवीन झटका आला तर नवीन नोंद करता येते," तो म्हणाला. चेहरा सरळ. खरंच मदत करत होता बिचारा.

आई बाबांकडे वळली. "ऐकलंत का हो? अजून एक आणा म्हणतायत. जाता जाता कुठे मिळतो का बघू."

मी टेबलावर हात आपटला. त्याने मला शांत करायला म्हणून स्वतःचा टॅब काढला. "ताई, शंका नको. आत्ता समोरासमोर बघू." खेळ उघडून बाबांच्या पुढ्यात धरला. खोली नवी होती. भिंतीत तिजोरी, तिजोरीचं दार उघडं.

उघडी तिजोरी! बाबांचा डावा हात झेपावला आणि त्यांनी टॅबची कड धरली. तुमचा अधिकारी ओढायला लागला. बाबा सोडेनात. तो टेबलावर वाकला, त्याच्या गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा बाटलीला लागून पाणी सांडलं, तरी सोडेनात.

"थांब! थांब!"

"पकड बघा!" तो धापा टाकत म्हणाला. "काय पकड आहे!"

"डावा हात आहे तो. डाव्याला काही झालंच नव्हतं."

"आमच्याकडे 'हात' असा एकच रकाना आहे, ताई," तो म्हणाला, आणि टॅब सुटल्याबरोबर त्याने तिथे 'उत्तम' असं भरलं. माझ्या डोळ्यांदेखत.

मी बसच्या सीट शिवते. शिकले नाही, पण एवढं मला कळतं, की फाटलेली सीट शिवायची तर सुई सीटमध्ये घालावी लागते. सीटच्या फोटोत घालून भागत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "छान उदाहरण आहे, ताई. सूचनापेटी खाली आहे."

म्हणून आम्ही खाली आलो. सूचनापेटी शोधत नव्हतो, दार शोधत होतो. आई पुढे, मी खुर्ची ढकलत मागे. तळमजल्याच्या बोळात एका खोलीचं दार उघडं होतं. आम्ही दोघी धडधाकट डोळ्यांच्या तिथून सरळ पुढे निघून गेलो. बाबांनी डाव्या हाताने चाक धरलं. खुर्ची गर्रकन वळली.

"थांब!"

खोलीत खोक्यांचे ढीग होते. ढिगांच्या मधोमध टेबलाशी हाताच्या बाई. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात टॅब. पुसायचा, चिन्ह चिकटवायचं, खोक्यात घालायचा, पुढचा घ्यायचा.

"काका!"

त्या उठल्या आणि बाबांसमोर उकिडव्या बसल्या. कुणी सांगितलं नाही, बाबांनी स्वतःच मूठ उचलून त्यांच्या हातात ठेवली. बाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. अंगठा. मग तर्जनी. करंगळीपाशी आल्यावर म्हणाल्या, "ही अजून लाजतेच का?" टेबलावरचा स्वतःचा चहाचा रिकामा कप घेतला आणि उघड्या तळव्यात ठेवला. "हे काय आहे, काका?"

बाबांचे ओठ हलले. "क..." कपाळावर शीर उठली. आई तोंडावर हात दाबून उभी. "क..."

"घाई नाही," बाई म्हणाल्या.

"कप."

पुरता. स्वच्छ. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला नवा शब्द, तुमच्या इमारतीत, तुमच्या खोक्यांच्या मध्ये. कप हातात थरथरत होता, पण होता.

आतून कुणीतरी ओरडलं, "वाटप का थांबलंय?"

बाई उठल्या. डोळे पुसले, त्याच फडक्याने. "मावशी, मी करते तशी रोज बोटं उघडत जा. जोर नका लावू."

आई म्हणाली, "मी उघडते गं. पण माझ्या हातात ती करंगळी उठत नाही. तू का येत नाहीस?"

"मी आता वाटप सहायक आहे, मावशी. ज्यांच्या घरी जायचे, ते सगळे बरे झाले."

सगळे. ऐकलंत ना? आमच्यासारखे किती जण दाराकडे तोंड करून बसलेत, ते तुमच्या आलेखात दिसत नसेल.

कप परत द्यायची वेळ आली तेव्हा बाबांनी तो सोडला नाही. बाई म्हणाल्या, राहू द्या. तो आमच्या घरी आहे. तुमच्या केंद्राचा असेल तर चोरी म्हणून लिहा. पहारेकऱ्याने आयुष्यात केलेली एकुलती एक.

तर आता माझं ऐका. तुम्हाला असले खेळ आवडतात, तर एक चित्र माझ्याकडून घ्या. तुमचीच इमारत. तिसऱ्या मजल्यावर सांडलेलं पाणी. बोळात सूचनापेटी. तळमजल्यावर उघड्या दाराची खोली, आणि त्यात खोक्यांमध्ये बसलेली एक बाई, जिला मुठी उघडता येतात आणि जिच्या हातात तुम्ही फडकं दिलंय. तिला कुणी झुंबरात टांगलेलं नाही. ज्या माणसाला तुमच्या खेळात भोपळा मिळाला, त्याला ती चालत्या खुर्चीतून दिसली. तुम्हाला दिसते का?

दिसत असेल तर ती आमच्याकडे कधी येणार, ते सांगा. अभिनंदन नको, आलेख नको, 'आदेशावरून' तर अजिबात नको. मला वार हवा. आणि खाली तुमचं नाव, तुमच्या हाताने लिहिलेलं. तुमचा तर उजवा हात चालतो ना?

स्टूल समोर ओढून ठेवलंय. बाबांच्या मांडीवर कप आहे. कोणता सोमवार? बोला.